टाकी सफाईचे वारस

जगातली मोठमोठी घराणी वारशावरून बुडाली. भावाने भावाचं तोंड पाहिलं नाही, पोराने बापाचं ऐकलं नाही, सिंहासनं धूळ खात पडली आणि राजवाड्यांत वटवाघळं बिनभाड्याने राहू लागली. ही गोष्टही वारशाचीच आहे. फक्त हिच्यात सिंहासन नाही. पाण्याची टाकी आहे, तीही दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घासावी लागणारी.

टाकी एका कंपनीच्या मालकीची होती आणि कंपनी झाकणं बनवत असे. बरण्यांची, बाटल्यांची, डब्यांची, कुकरची सोडून सगळ्यांची. कुकरचं झाकण हे यंत्र आहे, झाकण नव्हे, असं कंपनी काढणाऱ्या थोरल्या साहेबांचं मत होतं. ते वारल्यावरही कोणी त्या मताला हात लावला नव्हता. तिथे थोरल्या साहेबांच्या कुठल्याच मताला कोणी हात लावत नसे. त्यांचा सगळ्यात मोठा नियम त्यांच्या तसबिरीखाली चौकटीत लावलेला होता: ‘नवीन काढू नका. जुन्यावरून काढा.’ नवं झाकण जुन्या झाकणाच्या साच्यावरून निघे, नवं पत्र जुन्या पत्रावरून, आणि नवा माणूस शक्यतो जुन्या माणसाच्या भाच्यांतून.

या कंपनीचा ईमेलचा सर्व्हर जो माणूस सांभाळत असे त्याला सगळे पोस्टमास्तर म्हणत. वय एकोणपन्नास, स्वभाव सरळ, पाठ किंचित वाकडी. सर्व्हर आला त्या दिवसापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, चाळीस माणसांची पत्रं त्याच्या हाताखालून जात होती आणि त्यातलं एकही त्याने उघडून पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या फोल्डरवर चुकून माउसचा बाण गेला तरी तो देवघरात चप्पल घालून शिरल्यासारखा मागे फिरे. या सचोटीचं फळ म्हणून त्याला एक खोली मिळाली होती. आठ फूट बाय सहा, त्यातले चार फूट सर्व्हरचे. पण खोलीला दार होतं. साहेबांची खोली सोडली तर आख्ख्या ऑफिसात दार लावून बसता येईल अशी ही एकच जागा, आणि खिडकीतून टाकी दिसे. पोस्टमास्तरचा त्या खोलीवर फार जीव होता. घरात दोन खोल्या, बायको, दोन मुली आणि सासूबाई, तिथे दार लावलं तर बाहेरून विचारणा होई, “बरं नाही का?”

बुधवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको पालेभाजी निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, “तुमची खोली जाणार म्हणे.”

“कुठली खोली?”

“आहेत किती? ऑफिसातली. तिथे झेरॉक्सचं मशीन ठेवणारेत. तुम्हाला खरेदीवाल्यांच्या शेजारी टेबल. आणि खरेदीवाल्यांना बाथरूमच्या शेजारी.”

पोस्टमास्तरने पाण्याचा पेला खाली ठेवला. “तुला कोणी सांगितलं?”

“का? तुम्ही सांगता का मला कधी काही? एकोणीस वर्षं आख्ख्या ऑफिसची पत्रं हाताशी, आणि घरात बातमी काय, तर आज पंखा बंद होता. लोकांचे नवरे शिपाई असतात तरी बायकांना सगळं ठाऊक असतं.”

“अगं, पण हे सांगितलं कोणी?”

“नाही सांगायचं. माझंही फोल्डर गोपनीय आहे,” असं म्हणून तिने काड्या वेगळ्या आणि पानं वेगळी केली.

आतून सासूबाई म्हणाल्या, “खोली गेली तर जावईबापू दुपारी झोपणार कुठे?” दुपारी आपण दार लावून दहा मिनिटं डोळे मिटतो हे पोस्टमास्तरने कधीच कोणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात पोचला तेव्हा त्याच्या दाराशी खरेदीवाले टेप घेऊन उभे होते. चौकट मोजत होते.

“मशीन तिरकं करून आत जाईल,” ते स्वतःशीच म्हणाले. मग त्यांना पोस्टमास्तर दिसला. “या मास्तर! सहज मोजत होतो. दारं आवडतात मला.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“काय कळलं?” खरेदीवाल्यांचा चेहरा बरणीसारखा गोल आणि कोरा झाला. “असंच. ऐकलं.”

मालाच्या रवानगीत विचारलं, तिथेही असंच ऐकलं होतं. झाकणांचे नकाशे काढणाऱ्या दोघींनी तर एकमेकींच्या शेजारी बसायला मिळणार म्हणून एक कुंडीही आणून ठेवली होती आणि विचारल्यावर ती कुंडी नसून पेनांचा डबा असल्याचं सांगितलं. त्यात रोप होतं.

अकरा वाजता धाकट्या साहेबांचं बोलावणं आलं. धाकटे साहेब म्हणजे थोरल्यांचे चिरंजीव. वय साठ, पण थोरल्यांची तसबीर भिंतीवर असेतो ते धाकटेच राहणार होते. बाजूला सेक्रेटरी बाई वही घेऊन बसल्या होत्या.

“मास्तर,” साहेब म्हणाले, “कोणी कुठे बसायचं याचा आराखडा मी केला. बाईंनी तो ‘गोपनीय’ या फोल्डरात ठेवला. ते फोल्डर ‘संचालक’ या मोठ्या फोल्डरच्या पोटात आहे. बरोबर?”

“बरोबर.”

“आणि आज सकाळी लिफ्टमध्ये एकाने मला विचारलं की बाथरूमपासून दोन टेबलं सरकता येईल का. ‘संचालक’ कोणाकोणाला उघडतं?”

“तिघांना. आपण, बाई आणि मी.”

“मी कोणाला बोललो नाही. बाई गेली बावीस वर्षं कोणाला काही बोललेल्या नाहीत, कधीकधी मलासुद्धा. उरलं कोण?”

बाई वहीत बघत राहिल्या.

“साहेब, मी ते फोल्डर पाहिलेलंसुद्धा नाही.”

“म्हणून तर पाच वाजेपर्यंत वेळ देतोय. पाचला सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलंय. कुठून फुटलं ते तिथे सांगायचं. नाहीतर मी सांगेन, आणि मग खोली राहू द्या, किल्ल्याही ठेवून जा.”

खोलीचं दुःख पोस्टमास्तरने रात्रीच गिळून टाकलं होतं. पण किल्ल्यांचं ऐकून त्याचे कान तापले. ज्याच्या हातात सगळ्यांच्या किल्ल्या, त्याच्याजवळ नाव सोडून स्वतःचं असं काही नसतं. आणि नाव ही अशी वस्तू की गेली तर तिचा बॅकअप नसतो.

तो खोलीत आला, दार लावलं आणि कामाला लागला. व्यवस्था त्याने स्वतःच्या हाताने बसवलेली होती. एखाद्या फोल्डरच्या पोटात नवं फोल्डर काढलं, की वरच्याची परवानग्यांची यादी खालच्याला जन्मतः लागते. आई ज्यांना घरात घेते त्यांनाच पोराच्या खोलीत जाता येतं. त्याने ‘संचालक’ची यादी उघडली. तीन नावं. त्याच्या पोटात ‘चाचणी’ नावाचं फोल्डर काढलं. तीन नावं. ‘चाचणी’च्या पोटात ‘चाचणीची चाचणी’ काढलं. तीनच. वारसा कसा ओळीने, निमूट खाली उतरत होता. एखाद्या खानदानात इतका सरळ उतरता तर वकिलांना शेती करावी लागली असती.

साडेबाराला त्याने हे सगळं साहेबांना जाऊन दाखवलं.

“म्हणजे,” साहेबांनी चष्मा काढला, “व्यवस्थेत चूक नाही.”

“अजिबात नाही.”

“तिघांखेरीज कोणाला दिसणं शक्यच नाही.”

“शक्यच नाही,” पोस्टमास्तर अभिमानाने म्हणाला आणि मग आपण काय म्हणालो ते त्याच्या लक्षात आलं.

“मग तुम्हीच सिद्ध केलंत की मास्तर,” साहेब म्हणाले.

तो परत आला. आता एकच तपासायचं राहिलं होतं: खुद्द ‘गोपनीय’ची यादी. पण त्यावर बाण नेला की हात आखडे. एकोणीस वर्षांत ज्याला शिवलो नाही त्याला नेमकं आळ आल्यावर शिवायचं म्हणजे चोरी झालेल्या घरात रात्री पुरावा शोधायला जाण्यासारखं. त्यात पोराची वेगळी चौकशी कशाला, आईची झाली की झाली, ही कारागिराची घमेंड होतीच. खिडकीबाहेर टाकी उन्हात उभी होती. तिच्या झाकणावर कबुतर बसलं होतं. झाकण दुसऱ्या कंपनीचं होतं, कारण ही कंपनी एवढी मोठी झाकणं करत नसे.

पावणेतीनला त्याने घरी फोन लावला.

“अहो, जेवलात का?” बायकोने विचारलं. मागे वारा ऐकू येत होता. ती गच्चीवर होती.

“तुला ते खोलीचं कोणी सांगितलं?”

“पुन्हा तेच! एक बातमी द्या, एक घ्या.”

एकोणीस वर्षांत घरी न नेलेल्या बातम्या त्याच्याकडे ढीगभर असायला हव्या होत्या. पण त्याने काही वाचलेलंच नसल्यामुळे, विचार करून पाहता, त्याच्याकडे एकही नव्हती. होती ती ताजी आणि स्वतःची.

“माझ्यावर चोरीचा आळ आलाय,” तो म्हणाला. “आराखडा मी फोडला म्हणतात. पाच वाजता चारचौघांत सांगणार आहेत.”

बायकोचा आवाज आला, तो भाजी निवडतानाचा नव्हता. “तुम्ही? जे बायकोला पगारवाढसुद्धा तीन महिन्यांनी सांगतात ते? थांबा. टाकीवाल्याने सांगितलं मला. आपल्याकडेही तोच येतो. आत्ता टाकीतच उतरलाय. देते.”

मग तिचा आवाज लांब गेला. “अहो टाकीवाले! वर या. नको, तिथूनच बोला. आमचे साहेब आहेत!”

फोन बहुधा टाकीच्या तोंडाशी धरला गेला, कारण पुढचं सगळं विहिरीतून आल्यासारखं घुमत आलं.

“नमस्कार मास्तर! खोलीचं फार वाईट वाटलं हो.”

“तुम्हाला कळलं कसं?”

“तुम्हीच दिलंय की मला! एकोणीस वर्षं झाली. तुमच्या फोल्डरात टाकीची तारीख येते, ती मी मोबाइलवर बघतो. पूर्वी एकच फोल्डर होतं. आता फार झालीत. गोपनीय आहे, गोपनीय जुनं आहे, बढती आहे, कोणाला काढायचं ते आहे. सगळी सारखीच दिसतात. तारीख नेमकी कुठल्यात ते कळेना, मग सगळी वाचावी लागतात. अर्धा दिवस जातो माझा.”

“अहो, मग सांगायचं नाहीत का?”

“कोणाला सांगणार? खाली लिहिलेलं असतं, अडचण आल्यास पोस्टमास्तरांना भेटा. तुमची खोली बंद. मला वाटलं, झोपले असाल.”

पोस्टमास्तरने फोन ठेवला, कपाळावर हात ठेवला आणि मग तोच हात माउसवर ठेवला. ‘गोपनीय’च्या आत तो गेला नाही, फक्त त्याची यादी उघडली. तीन नावं नव्हती. त्रेचाळीस होती. आख्खं ऑफिस, वॉचमन, आणि शेवटी टाकीवाला.

तो सेक्रेटरी बाईंच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

“बाई, हे फोल्डर तुम्ही काढलंत कसं?”

“जसं सगळे काढतात तसं,” बाईंनी मान वर केली. “जुन्यावरून.”

“कुठल्या जुन्यावरून?”

“‘टाकी सफाई’वरून. सगळ्यात जुनं तेच आहे. नीटनेटकं आहे, तारीख, विषय, सही, सगळे कप्पे तयार. त्याची नक्कल करायची, नाव बदलायचं आणि हव्या त्या जागी नेऊन ठेवायचं. थोरल्या साहेबांनी मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. का? चुकलं का काही?”

पोस्टमास्तरला सगळं आठवलं. सर्व्हर बसवला तो पहिला दिवस. थोरले साहेब पाठीशी उभे होते. “पहिलं फोल्डर कशाचं काढू?” त्याने विचारलं होतं. “टाकीचं,” ते म्हणाले होते. “पाण्याशी खेळ नको. सगळ्यांना दिसलं पाहिजे. वॉचमनला दिसलं पाहिजे. टाकीवाल्याला तर आधी.” आणि त्याने स्वतःच्या हाताने यादी केली होती. जे पोटी जन्मलं त्याला घराचे नियम लागले असते. पण नक्कल करून आणलेलं फोल्डर हे दत्तक पोर; ते आपली यादी गाठोड्यात बांधून घेऊन येतं, आणि नव्या घराच्या दारावर कितीही कुलपं लावा, आतून खिडकी उघडून जुन्या गावाला हाका मारत बसतं.

“आणि बाकीचे?” त्याने विचारलं. “बाकीचेही असंच काढतात?”

“नवीन कोण कशाला काढेल?” बाईंनी तसबिरीकडे पाहिलं.

बाईंना शेजारी उभं करून त्याने बाहेरूनच मोजली. एकशे सत्तेचाळीस फोल्डरं. सगळी टाकीची लेकरं. म्हणजे एकोणीस वर्षं या ऑफिसातली प्रत्येक बढती, प्रत्येक बदली, साहेबांनी लिहून खोडलेलं प्रत्येक वाक्य चाळीस माणसं चहाबरोबर वाचत होती. आणि एकानेही तोंड उघडलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे चाळीस मुठी होत्या. ऑफिसने आजवर पाळलेलं हे एकमेव गुपित, ते साहेबांपासून, बाईंपासून आणि त्याच्यापासून पाळलं होतं. सकाळपासून त्याच्यावर आळ आहे हे माहीत असूनही पाळलं होतं.

हा शेवटचा विचार त्याला लागला. पाचला वीस मिनिटं असताना त्याने सगळ्यात वरच्या फोल्डरवर जाऊन ते बटण शोधलं जे एकोणीस वर्षांत दाबायची वेळ आली नव्हती: वरची यादी खालच्या सगळ्यांना लावा. मशीनने विचारलं, “नक्की?” पोस्टमास्तर मोठ्याने म्हणाला, “नक्की,” आणि दाबलं. एकशे सत्तेचाळीस लेकरांची जुनी गाठोडी काढून घेतली गेली आणि ज्या घरात ती राहत होती त्या घराच्या याद्या त्यांना लागल्या. बाहेर कुठेतरी एक खुर्ची करकरली. मग कोणीतरी हळूच म्हणालं, “अरे? गेलं?” मग दुसरं कोणीतरी, “माझ्याकडेही गेलं.”

पाच वाजता हॉलमध्ये सगळे तसबिरीसमोर उभे होते. धाकटे साहेब पुढे आले.

“मास्तर, बोला. कोण आहे?”

“कोणी नाही, साहेब. थोरल्या साहेबांचा नियम आहे आणि माझी यादी आहे.” आणि त्याने सगळं सांगितलं, टाकी, नक्कल, दत्तक, गाठोडं. टाकीवाल्याच्या फोनचंही सांगितलं.

“म्हणजे टाकीवाल्याला सगळं माहीत होतं?”

“हो. पण त्याला नको होतं.”

साहेबांनी वळून तसबिरीकडे पाहिलं, मग हॉलमधल्या चाळीस चेहऱ्यांकडे. “आणि तुम्ही? तुम्हाला दिसत होतं?”

“काय दिसत होतं?” खरेदीवाल्यांनी विचारलं. त्यांच्या खिशातून टेप डोकावत होती.

“चूक माझी आहे,” सेक्रेटरी बाई एकदम म्हणाल्या. बावीस वर्षांत त्या हॉलमध्ये त्यांचा आवाज पहिल्यांदाच निघाला. “मास्तरांची नाही. मास्तरांनी आत जाऊन एक अक्षर वाचलेलं नाही. मी शेजारी उभी होते. आणि साहेब, किल्ल्या ज्याच्याकडे त्याला खरेदीवाल्यांच्या शेजारी बसवलं तर उद्या यादी पुन्हा त्रेचाळीसची होईल.”

साहेबांना हे पटलं. निदान पटल्याशिवाय इलाज नव्हता. खोली मास्तरांकडे राहिली, झेरॉक्सचं मशीन खरेदीवाल्यांच्या शेजारी गेलं, बाकीचा आराखडा साहेबांनी तिथेच वाचून दाखवला, आणि चाळीस जणांनी प्रत्येक नावाला “हो का?” म्हटलं, काहींनी नाव यायच्या आधीच.

पोस्टमास्तरचं नाव साहेबांच्या लेखी स्वच्छ झालं. ऑफिसच्या लेखी मात्र उलट झालं. दुसऱ्या दिवसापासून चहाच्या वेळी त्याच्याकडे कोणी बघेना. दुपारची अर्धी सुट्टी काढायची कशी हा प्रश्न लोकांपुढे उभा होता. वाचायला काही उरलं नव्हतं. एकाने तर वैतागून काम केलं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं, दोनदा. बाईंच्या बोलण्यापाशी तिने त्याला थांबवलं आणि तेवढं तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग ती म्हणाली, “चला, नाव राहिलं. पण आता टाकीवाल्याला काही दिसणार नाही ना? मग मला कळणार कसं? यापुढे तुम्हीच सांगायचं रोज.”

“अगं, पण मी वाचत नाही.”

“मग पंखा कसा होता ते सांगा,” ती म्हणाली आणि त्याच्यासाठी दुसरी पोळी तव्यावर टाकली.

पुढच्या महिन्यात टाकीची सूचना नेहमीप्रमाणे ‘टाकी सफाई’ या फोल्डरात टाकली गेली. ते फोल्डर ‘प्रशासन’ या घरात होतं; त्या बटणाने त्यालाही घराचीच यादी लागली होती, आणि तिच्यात पाच नावं होती. टाकीवाल्याचं नव्हतं.

पहिल्या शुक्रवारी टाकी साफ झाली नाही.